देवघरातला रोमन सूर्य

सूर्य दिसल्याशिवाय आई तोंडात काही घालत नसे. चहासुद्धा नाही. हे तिने कधी सुरू केलं ते मला माहीत नाही. मी कळता झालो तेव्हा ते होतंच. कऱ्हाडला त्याचं काही वाटायचं नाही. ऊन अंगणात आलं की ती अर्घ्य द्यायची, हात जोडायची आणि मग घरात चहाचं आधण ठेवलं जायचं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असेल तर देवघरातल्या सूर्यनारायणाच्या टाकाचं दर्शन घेतलं की भागायचं. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला तो टाक तिच्या सासूच्या वेळचा होता. बाबा गेल्यावर देवघर थोरल्या भावाकडे गेलं आणि टाकही तिकडेच राहिला.

त्यामुळे माझ्या बायकोला दिवस गेले आणि आई मदतीला म्हणून सिंगापूरला आली, तेव्हा तिच्या बॅगेत एक बाळकृष्ण, एक चांदीची वाटी आणि मेतकुटाच्या तीन पिशव्या एवढाच संसार होता. लाँग टर्म व्हिजिट पास मिळाला होता, म्हणजे बाळंतपण उरकून ती सावकाश जाणार होती. बायकोला चौथा महिना लागला होता. याआधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे या वेळी आम्ही दोघंही जपून चालत होतो, जपून बोलत होतो, आणि बाळाचं नाव वगैरे विषय तर कुणी काढतच नव्हतं.

आई आली आणि महिन्याभरात धूर आला. शेजारच्या देशात रानं आणि दलदलीची जमीन जळत होती, आणि वारा तो सगळा धूर आमच्याकडे आणून ओतत होता. दर दोन-चार वर्षांनी हे व्हायचं, पण त्या वर्षीचा धूर हटायचं नावच घेईना. चौदाव्या मजल्यावरून समोरची इमारत दिसत नसे. शाळेला सुट्टी, दुकानांतले मास्क संपलेले, लिफ्टमध्येही जळका वास. बायको मास्क लावून हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जायची. ती आता दोघांसाठी श्वास घेत होती.

आणि आईला सूर्य दिसेना. सकाळपासून ती खिडकीशी स्टूल टाकून बसायची. कधी अकराला, कधी बाराला धुरातून एक लालसर, मळकट गोळा दिसायचा. त्याच्याकडे डोळे न दिपता बघता यायचं आणि तेच तिला आवडायचं नाही. म्हणायची, "हा आजारी सूर्य आहे रे. याच्याकडे असं टक लावून बघवत नाही." काही दिवस तो गोळाही दिसला नाही. मग ती संध्याकाळपर्यंत तशीच. एका दुपारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला घेरी आली आणि ती ओट्याला धरून खाली बसली. बायको त्या दिवशी घरी होती; शिफ्ट संपवून मी गेटवर फोन हातात घेतला तेव्हा मला ते कळलं. माझं डोकं फिरलं. एक गर्भार, दुसरी उपाशी, आणि मी कुणाकुणाला बघू?

मी स्वभावाने तापट आहे. देवाधर्माच्या बाबतीत तर जरा जास्तच. कॉलेजात असल्यापासून मला वाटत आलंय की घरातल्या सगळ्यांच्या वाटची अक्कल देवाने मला एकट्याला दिली आहे. पण त्या शनिवारी मी भांडलो नाही. मला एक नामी युक्ती सुचली, आणि युक्ती सुचली की मी भांडणं विसरतो.

सिटी हॉलजवळच्या एका जुन्या मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर, नाण्यांचं आणि पोस्टाच्या तिकिटांचं दुकान होतं. तिथल्या काचेत मी पूर्वी एकदा रोमन नाणी पाहिली होती. दुकानाचा मालक म्हातारा चिनी होता. सूर्याचं काही आहे का विचारल्यावर त्याने मखमली तबकातून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. एका बाजूला कुणा बादशहाचं डोकं, त्यावर सूर्याच्या किरणांचा काटेरी मुकुट. दुसऱ्या बाजूला रथ, रथात हात उंचावून उभा असलेला सूर्यदेव, त्याच्याही डोक्याभोवती किरणं. "रोमन सिल्व्हर," म्हातारा म्हणाला. "सन गॉड. व्हेरी ओल्ड." मग भिंग माझ्या हातात देऊन त्याने देवाच्या डोक्याच्या वरची जागा दाखवली. "बिफोर गॉट होल. समबडी वेअर ऑन नेक, मेबी इंडिया. लेटर फिल अप. आय टेल यू फर्स्ट, ओके? नो कम्प्लेन, लाह."

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. भोक कशाने बुजवलंय, हे मी विचारलं नाही. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्पेक्शन इंजिनिअर होतो. कुठला पाइप कुठल्या धातूचा आहे, सांधा कशाने जोडलाय, ठिगळ कसलं लावलंय, हा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारायचो आणि उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय सही करायचो नाही. त्या दिवशी मात्र मी कार्ड काढलं आणि नाणं खिशात टाकलं.

"घे, हा तुझा सूर्यनारायण," मी घरी येऊन म्हणालो. "धूर असो, पाऊस असो, हा दिसणार. सकाळी उठायचं, याला बघायचं आणि मुकाट्याने चहा घ्यायचा."

आईने नाणं उजेडात धरून निरखलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "रथ आहे. पण घोडे चारच आहेत रे. सात हवेत."

"तीन घोड्यांना व्हिसा मिळाला नाही."

बायको हसली. आई हसली नाही. तिने हात धुतले, नाणं बाळकृष्णाशेजारी ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. मी थट्टेत आणलेली वस्तू तिने खरी मानून घेतली, आणि एकदा देवघरात बसलेला देव हा देवच असतो. मला तर हायसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी चहा पिऊन बसली होती.

मग तिचा नेम सुरू झाला. संध्याकाळी पंचामृत करायचं, चांदीच्या वाटीत ओतायचं, त्यात नाणं ठेवायचं. सकाळपर्यंत ते त्यात राहायचं. सकाळी देव बाहेर काढून धुवायचा आणि ते पंचामृत तीर्थ म्हणून द्यायचं. बाळाच्या अंगी तेज यावं म्हणून सुनेला दोन पळ्या. बायकोचा यावर विश्वास होता असं नाही, पण तिला ते गोड लागायचं आणि सासूला बरं वाटायचं. मी साडेसहाच्या कंपनीच्या बसने निघालेला असायचो. मला देण्याची वेळ आली नाही आणि मी ते मागितलंही नाही. एकदा बायकोने विचारलं, तांब्याच्या पेल्यात का नाही ठेवत? आई म्हणाली, "अगं, तांब्या-पितळेत दही कळकतं. पोटाला बाधतं. चांदीला काही होत नाही." भांड्याची तिने इतकी काळजी घेतली होती.

मी त्या दिवसांत इंटरनेटवर त्या नाण्याबद्दल बरंच वाचलं आणि जेवताना दोघींना व्याख्यानं दिली. सूर्याचा काटेरी मुकुट घातलेली ही नाणी निघाली तेव्हा चांदी बरी होती. पुढे लढाया वाढल्या, तिजोरी आटत गेली आणि नाण्यातली चांदी कमी कमी होत गेली. शेवटी आत सगळं तांबं आणि वर चांदीचा नुसता हात फिरवलेला. पण गंमत अशी, की चांदी जसजशी संपत गेली, तसतसा नाण्यावर सूर्य जास्त दिसू लागला. अजिंक्य सूर्य म्हणायचे त्याला. राज्य आतून पोखरत चाललं होतं आणि बादशहा प्रजेच्या हातात सूर्य ठेवत होते. "म्हणजे वरून चकचकीत आणि आतून बोंब," बायको म्हणाली. मी म्हणालो, अगदी आमच्या कारखान्यातल्या पाइपांसारखं. वर पत्र्याचं चकचकीत वेष्टण, आणि उघडून बघावं तर खाली गंजाने भिंत अर्धी खाल्लेली. आम्ही हे सगळं हसत बोललो. आई मान खाली घालून भात कालवत होती.

देव लख्ख हवेत, ही आईची दुसरी शिस्त. दर शनिवारी ती चिंचेचा कोळ लावून देव घासायची. बाळकृष्ण पितळेचा, तो झळकायचा. नाणंही आधी झळकलं. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मात्र रथातल्या देवाच्या डोक्यावर, किरणांना लागून, तिळाएवढा काळा ठिपका दिसू लागला. तिने आणखी चिंच लावली. ठिपका गेला नाही, उलट वाढला. पुढच्या शनिवारी तो मसुरीच्या डाळीएवढा झाला आणि किरणांची दोन टोकं त्यात बुडाली.

रविवारी सकाळी मी घरी होतो. बाहेर धूर इतका होता की दिवे लावावे लागले होते. आई देवघरापाशी पाट टाकून बसली होती. ती वळून म्हणाली, "अरे, सूर्यनारायणाला ग्रहण लागलंय बघ."

बायको सोफ्यावर पोटावर हात ठेवून बसली होती. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिल्या वेळी, ते सगळं झाल्यावर, तिच्या एका मावशीने फोनवर विचारलं होतं, ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का ग? बायको त्यानंतर दोन दिवस रडत होती. कुठलं ग्रहण, कधीचं, काही नाही. पण तिने कॅलेंडर काढून तारखा तपासल्या होत्या. तो प्रकार माझ्या घरात मला पुन्हा नको होता.

मी आईवर ओरडलो. चांदी हवेने काळी पडते, शाळेतल्या पोरालाही कळतं, एवढ्या धुरात काळी पडली नसती तरच नवल. आणि बजावलं की या घरात ग्रहण हा शब्द पुन्हा निघता कामा नये. "तुला काय वाटायचं ते तुझ्या मनात ठेव. तिच्यासमोर एक अक्षर काढायचं नाही." आईने कुंकवाचा करंडा बंद केला. मग "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय खरंच काढला नाही. माझं म्हणणं तिला पटलं असं मी समजलो.

पुढचे दोन महिने आठवले की मला अजून चीड येते, आणि ती माझीच. सगळं डोळ्यांसमोर होतं. आईचं पोट दुखायला लागलं. मुरडा येऊन ती वाकायची, मग म्हणायची, इथला तांदूळ मानवत नाही. जेवण तुटलं. चिडचीड वाढली, माझी आई कधी चिडायची नाही, ती गॅसवर दूध उतू गेलं म्हणून स्वतःलाच शिव्या देऊ लागली. मेतकूट कुठल्या डब्यात ठेवलंय ते तिला आठवेना. एकदा वाढताना स्टीलचं ताट तिच्या हातून सुटलं आणि त्या आवाजाने आम्ही तिघंही दचकलो. मी तिला खालच्या क्लिनिकमध्ये नेलं, तिथून गॅसच्या गोळ्या मिळाल्या. मला वाटलं, धूर आहे, वय आहे, घराची आठवण येत असेल. धूर पुढे पावसाने धुऊन नेला, सूर्य रोज वेळेवर दिसू लागला, तरी तिची तब्येत काही सुधारली नाही. मी तिला म्हणालो, आता खरा सूर्य दिसतोय, हे नाणं कपाटात टाक. ती म्हणाली, "बसवलेला देव असा उठवता येतो का रे?"

डिसेंबरमध्ये बायकोनेच विषय काढला. आठवा महिना लागला होता. "अरे, तो डाग खरंच खूप वाढलाय. देवाचं तोंडच दिसत नाही आता. मला रोज बघून कसंतरी होतं. तू एकदा नीट बघ तरी."

मी नीट बघायचं ठरवलं ते तिच्यासाठी नव्हे, आईसाठी. आमच्याकडे धातू तपासायची एक्स-रे गन होती. पिस्तुलासारखी दिसते. पाइपला टेकवायची, खटका दाबायचा, आणि दहा-पंधरा सेकंदांत पडद्यावर येतं की यात लोखंड किती, क्रोम किती, निकेल किती. त्यावर चांदीचा आकडा दाखवायचा, फोटो प्रिंट करून आईच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, हे बघ तुझं ग्रहण. एवढाच माझा उद्देश होता. सोमवारी सकाळी आईचं तीर्थ देऊन झालं, की नाणं पुसून बायकोने माझ्या मित्राकडे द्यायचं असं ठरलं. तो आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचा आणि उशिराच्या बसने आयलंडवर यायचा. अकरा वाजता ते रुमालात बांधलेलं माझ्या टेबलावर आलं.

गन चालवायचा परवाना आमच्या टेक्निशियनकडे होता. तो मदुराईचा, माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा. नाणं बघून त्याने बूट काढले. "भगवान है न सर?" मी हसलो. त्याने आधी रथावर गन टेकवली. तांबं, थोडं कथील, चांदी अगदी नावाला. वाचलेलं खरं निघालं म्हणून मी खुशीत आलो. मग त्याने ती काळ्या डागावर टेकवली.

पडद्यावर पहिलंच नाव आलं ते शिशाचं. खाली बाकीचे आकडे होते, पण ते बघायची गरजच नव्हती. भोक शिशाने बुजवलं होतं आणि वरून चांदीचा मुलामा दिला होता. आईच्या चिंचेने तो मुलामा गेला आणि शिसं उघडं पडलं.

"सर, ये तो लेड है," तो म्हणाला. "पूजा में कोई बात नहीं. खाली खाने-पीने में नहीं जाना."

 दही, मध, रात्रभर. आंबट वस्तूत शिसं उतरतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आम्ही पगार त्याच गोष्टीचा घेत होतो. गर्भाशयातल्या मुलाला शिसं काय करतं, हेही मी कुठेतरी वाचलेलं होतं आणि ते सगळं एकदम वर आलं. मेंदू. वाढ. वेळेआधी होणं. सप्टेंबरपासून रोज दोन पळ्या.

कारखान्यात फोन आत न्यायची परवानगी नसते, तो गेटवरच्या लॉकरमध्ये असतो. माझ्या शेडपासून गेट वीस मिनिटांच्या अंतरावर. हेल्मेट आणि जड बुटांसकट मी ते अंतर धावत गेलो. मला आठवतंय, लॉकरचा आकडा मला दोनदा चुकला. बायकोने फोन उचलला.

"आज तीर्थ घेतलंस?"

"घेतलं की. रोज घेते. का रे?"

मी म्हणालो, घरी जा, कुणाला काही विचारू नकोस, मी येतोय. तिने आणखी काहीतरी विचारलं. मी फोन ठेवून दिला. दुपारच्या शिफ्टच्या बसमध्ये मी पुढच्या सीटची कड धरून बसलो होतो. काचेबाहेर टाक्या, धुरांडी, पुन्हा टाक्या. आधीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, यात कुणाची चूक नसते. या वेळी असं म्हणायला कुणाला जागा नव्हती. मला रडू येत होतं आणि रडण्याऐवजी राग येत होता, आणि तो राग मी पूर्ण वाटभर आईवर साठवत होतो.

दारातच सुरुवात केली. काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. तुझ्या देवाने विष पाजलं, एवढं एक लिहितो. मूल गेलं तर तुझं तोंड बघणार नाही, हेही बोललो. बायको मधे पडायला उठली, पण शिसं हा शब्द ऐकून मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी पोट धरलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने दोनदा "अरे, ऐक" म्हटलं. मी ऐकलं नाही. माझा दम संपला तेव्हा ती म्हणाली,

"तिला मी दिलंच नाही रे."

"काय दिलं नाहीस? ती रोज घेत होती!"

"ते फिल्टरचं पाणी होतं. साखर, दूध, चमचाभर दही आणि तुळशीचं पान टाकलेलं." मग सुनेकडे वळून, जणू अपराध कबूल करावा तशी, "तुला फसवलं बाई मी. डाग दिसला तेव्हापासून. ग्रहणातलं तीर्थ गर्भारणीला कसं द्यायचं? हा तर बोलू देईना. मग मी गुपचूप वाटी बदलली."

 मग बायको हुंदके देऊन रडू लागली, आणि मी तिच्याजवळ जमिनीवर बसून वेड्यासारखा हसत सुटलो. डाग दिसण्याआधीचे तीन-चार आठवडे तेवढे घेतले होते. तेव्हा मुलामा शाबूत होता. बाळ वाचलं असं मला तेव्हाच, कुठल्याही तपासणीशिवाय, वाटून गेलं. इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल. आईला मी त्या आनंदात विसरलोच.

बायको विसरली नाही. डोळे पुसता पुसता ती थांबली. "आई," ती म्हणाली, "मग नाण्याचं ते पंचामृत तुम्ही कुठे ओतत होतात?"

आईने पदराचं टोक हातात घेतलं.

"सिंकमध्ये?"

"तीर्थ मोरीत ओततात का ग?" आई म्हणाली. "घरी तुळशीला घातलं असतं. इथे ती एवढीशी कुंडी. दोनदा घातलं तर मुंग्या लागल्या. त्यात ते डासांचे इन्स्पेक्टर येऊन कुंड्यांत पाणी साचलंय का बघून जातात, म्हणून तूच मला बजावलं होतंस." ती पदराशी चाळा करत होती, आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं की तिची बोटं थरथरत होती. "मीच घ्यायची. सगळं. मला काय होणार आहे ग्रहणाने? मी काय गर्भार आहे?"

वाटीभर. रोज. अडीच महिने.

दोघींचं रक्त तपासलं. बायकोचं ठीक आलं. डॉक्टरीणबाई चिनी होत्या, शांत बोलणाऱ्या; त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, आईचा कागद पुढे घेतला आणि तो दोनदा वाचला. मग त्यांनी मला प्रश्न विचारले. पोटदुखी? हो. चिडचीड? हो. विसरणं? हातातून वस्तू पडणं? प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत गेलो, आणि प्रत्येक हो बरोबर मला ते दिवस दिसत गेले. पाइपाची भिंत अर्ध्या मिलिमीटरने झिजली तरी ज्याला कळतं, तो माणूस आईला गॅसच्या गोळ्या देत होता. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

तिला दाखल केलं, शिसं बाहेर काढायची औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच तिच्याजवळ बसलो होतो. मी तिला सांगून टाकलं. ग्रहण नव्हतं आई, शिसं होतं. ते भोक बुजवलेलं आहे, हे मला दुकानातच सांगितलं होतं. मी विचारलं नाही कशाने. तुला उपाशी बघवेना, आणि तुझी जराशी थट्टाही करायची होती, म्हणून आणलं. मी जे काही तुला बोललो ते खरं तर मला लागू होतं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिच्या पोटात नाही ना गेलं?"

"नाही."

"नक्की? डॉक्टर म्हणाल्या?"

"म्हणाल्या."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

फेब्रुवारीत मुलगी झाली. वेळेवर, पूर्ण दिवसांची, कान फाटतील अशी रडणारी. आईचं पोट तोवर बरं झालं होतं, ती जेवू लागली होती, डबे तिला आठवू लागले होते. हात मात्र सुधारले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल, आणि या वयात पूर्ण बरे होतील याची खात्री देता येत नाही. कपात चहा अर्धाच घ्यावा लागायचा. मुलीला न्हाऊमाखू घालायला, तेल लावायला, मांडीवर घेऊन निजवायला ती समुद्र ओलांडून आली होती. ती बायकोच्या शेजारी पाटावर बसायची आणि तोंडाने सगळं सांगायची: मान धर, तेल कोमट कर, कानात पाणी जाईल, अगं हळू. हात पदराखाली. बायको म्हणायची, आई, घ्या ना, मी खाली हात धरते. ती म्हणायची, उद्या बघू.

एप्रिलच्या शेवटी पास संपला. विमानतळावर, आत जायच्या दरवाज्यापाशी, बायको काही न विचारता पुढे झाली आणि तिने मुलीला आईच्या समोर धरलं. मुलगी जागी होती, आजीकडे बघत होती. मला वाटलं आता घेईल. आईने मान वाकवून तिच्या कपाळाला ओठ टेकवले, बराच वेळ. त्या पूर्ण वेळात तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.